उचल आधी, बक्षीस मागून

सूनबाई, गोळ्या सोडवायला दवाखान्यात ठेवलेला तुझा नवरा घरी आला, आता तुझं काम सुरू झालं. वॉर्डात सिस्टर म्हणून मी गोळ्यांच्या नादाला लागलेली माणसं जवळून पाहिली आहेत. ऊस तोडताना कंबर धरते, टोळीतलं कुणीतरी ट्रामाडॉलची कॅप्सूल देतं, त्या दिवसाचं काम उरकतं, आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत गोळीशिवाय उठवत नाही. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, तरी चोरून मिळतेच.

डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दिली असेल, तर ती त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. घरातले म्हणतील, एक नशा सोडली आणि दुसरी धरली. ऐकू नकोस. त्या गोळीने नशा तुटल्यावरची टर्की आवरते, तलफ दबते, माणूस कामाला उभा राहतो. आता मी बक्षिसाचं सांगते, म्हणजे लघवीची तपासणी स्वच्छ आली की त्याला काहीतरी द्यायचं, ते या औषधाच्या जोडीला. औषधाच्या जागी नाही.

मामंजी चिडतील, नशा केली नाही म्हणून कौतुक कसलं? त्यांना सांग, नशेच्या गोळीचं सुख तासाभरात मिळतं. ती सोडल्याचं सुख, म्हणजे कर्ज फिटणं, लेकरांनी पुन्हा जवळ येणं, याला महिने लागतात. तेवढे महिने निघायला आजच्या आज हाती पडेल असं काहीतरी हवं. अमेरिकेत नॅन्सी पेट्री नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांनी एका भांड्यात ५०० चिठ्ठ्या ठेवल्या. तपासणी स्वच्छ आली की चिठ्ठी काढायची. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘शाबास’, बाकीच्या बहुतेकांवर डॉलरभराची वस्तू, आणि सगळ्यांत मोठं बक्षीस एकाच चिठ्ठीवर. एवढ्यावरही माणसं उपचारात टिकली. तिकडे मेथाडोन हे असंच औषध देणाऱ्या दवाखान्यांत तर जो स्वच्छ राहील त्याला डोस घरी न्यायची मुभा मिळते; रोजचा हेलपाटा वाचतो, हेच बक्षीस. आपल्या पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यातल्या पोरांसाठी सुरू झालं. तिथे व्यसन सुटल्याचा वाढदिवस साजरा होतो. चारचौघांत झालेलं कौतुक माणूस विसरत नाही.

आपल्या बीडमध्ये ऊसतोडीचा मुकादम उचल आधी देतो आणि घाम मागून गाळावा लागतो. तू नेमकं उलटं कर. ‘उद्यापासून सोडतो’ या शब्दावर काही देऊ नकोस. तपासणी स्वच्छ आली की त्याच दिवशी दे, आठवडी बाजारापर्यंत थांबवू नकोस. रोख नको. सुरुवातीला मोबाइलचा रिचार्ज पुरे. ओळीने स्वच्छ राहिला तर वाढवत ने: नवा शर्ट, सगळ्यांची परळीची फेरी, पुढे शेळीचं पाट घेऊन देता आलं तर फार चांगलं. काय केल्यावर काय मिळणार ते दोघांनी मिळून वहीत लिहा, म्हणजे ऐनवेळी भांडण नको. आणि त्याचं जेवण, औषध, लेकरांना मांडीवर घेणं हे बक्षिसात कधी धरायचं नाही. ते त्याचं आहेच.

तपासणी म्हणजे लघवीची पट्टी. इथे बरेच जण फसतात. मॉर्फिनची नेहमीची पट्टी खोकल्याच्या औषधातलं कोडीन पकडते, पण ट्रामाडॉल पकडत नाही. ट्रामाडॉलची पट्टी वेगळी असते, डॉक्टरांकडे तीच माग. या गोळ्यांची खूण लघवीत दोन-तीन दिवसच राहते, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी तपासणी हवी. वास घेऊन, डोळे बघून ठरवू नकोस. संशयावर बक्षीस अडवलंस तर त्याचा तुझ्यावरचा विश्वास जाईल.

घसरला तर त्या दिवशीचं बक्षीस नाही, एवढंच. शिव्या नकोत, माहेरी निघून जायची धमकी नको. पुन्हा रिचार्जपासून सुरू करायचं, आणि काही वेळा ओळीने स्वच्छ आला की जिथे होता तिथे परत न्यायचं. मात्र एक भीती मनात पक्की धर. काही दिवस बंद राहिल्यावर अंगाची सवय मोडलेली असते. तेव्हा जुन्या मापाने गोळ्या घेतल्या तर श्वास थांबू शकतो. उठवून उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, तर लोक काय म्हणतील याचा विचार न करता १०८ ला फोन कर.

दसरा-दिवाळीला उचल येईल. ती एकरकमी त्याच्या हाती पडू देऊ नकोस. खिशात नोटा आल्या की तलफ जागी होते. जमलं तर या सालचा सीझन टाळा. जाणंच भाग असेल तर आधी डॉक्टरांना भेटा आणि औषधाचं, तपासणीचं तिकडे कसं करायचं ते लिहून घ्या. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जाणं जमलं नाही तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, तिला पैसे पडत नाहीत. हा नंबर आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.