एक बटण, पाच कुलपं

प्रश्न : आम्ही नुकतीच एक जुनी, पण चांगल्या स्थितीतली गाडी घेतली. चावीवरचं बटण दाबलं की चारही दारं आणि डिकी एकदम ‘खट्’ करून बंद होतात. माझ्या आईने मात्र या ‘खट्’चा धसका घेतला आहे. बॅटरी उतरली किंवा गाडी पुराच्या पाण्यात अडकली तर आपण आत कोंडले जाऊ, असं म्हणून ती मागच्या सीटवर बसायलाच तयार होत नाही. हे सेंट्रल लॉकिंग नेमकं चालतं कसं? आणि तिच्या भीतीत काही तथ्य आहे का? — एक वाचक, कुडाळ

उत्तर : तुमच्या आईंच्या भीतीत तथ्य आहे, पण त्यांनी आरोपी चुकीचा पकडला आहे. खरा आरोपी कोण ते पुढे सांगतो. आधी त्या ‘खट्’चा उगम पाहू.

दाराच्या आतलं कुलूप मुळात विजेचं नसतंच. दार जिथे येऊन बसतं त्या खांबावर जाड पोलादी कडी असते. दार उघडून पाहिलंत तर लगेच दिसेल. दाराच्या कडेला त्या कडीसमोर खाच असते आणि खाचेत खेकड्याच्या नांगीसारखा एक फिरता तुकडा. दार ढकललं की नांगी फिरून कडीला धरते, आणि तिने उलट फिरू नये म्हणून मागून एक खिटी येऊन अडकते. नांगी दोन टप्प्यांत अडकते. पहिल्याच टप्प्यावर थांबली तर दार लागल्यासारखं दिसतं, पण नीट लागलेलं नसतं, आणि आपल्याला पुन्हा उतरून ते आपटावं लागतं. आतला किंवा बाहेरचा हँडल ओढला की दांडी किंवा तार त्या खिटीला बाजूला करते आणि दार सुटतं.

मग ‘लॉक करणं’ म्हणजे काय? हँडल आणि खिटी यांच्यातलं नातं तोडणं किंवा अडवणं. म्हणून पुष्कळ गाड्यांत लॉक असताना बाहेरचा हँडल ओढला तरी तो नुसता हलतो. पुढे कुणाला काही कळवत नाही. हे नातं जोडणारा-तोडणारा एक छोटा लीव्हर कुलपातच असतो. प्रीमिअर पद्मिनी किंवा अँबॅसिडर ज्यांच्या घरी होती त्यांना हे काम हाताने केल्याचं आठवत असेल. उतरताना एकेका दाराची खुंटी दाबायची, मागे वाकून पलीकडची दाबायची, आणि तरी एखादं दार उघडं राहायचंच. सेंट्रल लॉकिंगने या रचनेत फारसं काही बदललं नाही. खुंटी दाबायला प्रत्येक दारात एक छोटी मोटर ठेवली, एवढंच.

ही मोटर १२ व्होल्टवर चालणारी, साधी, एकदिश प्रवाहाची असते. अशा मोटरचा एक गुण इथे कामी येतो. तिच्या दोन टोकांना मिळणारे धन आणि ऋण अदलाबदल केले की ती उलटी फिरते. त्यामुळे एकाच मोटरला दोन वायरी दिल्या की लॉक आणि अनलॉक दोन्ही कामं होतात. ही अदलाबदल दोन रिले करतात. एरवी मोटरची दोन्ही टोकं ऋणाला जोडलेली असतात. एक रिले उचलला गेला की एका टोकाला धन मिळतं, दुसरा उचलला गेला की दुसऱ्या टोकाला. मोटरचा वेग दातेरी चाकांनी कमी करून तिचा जोर वाढवलेला असतो. ती जेमतेम अर्धा-एक सेकंद फिरते, लीव्हर या टोकाचा त्या टोकाला जातो, आणि वीज बंद होते. चारही दारांत हे एकाच क्षणी घडतं; त्याचा एकत्रित आवाज म्हणजे तुमचं ‘खट्’.

‘वीज बंद होते’ यावर मुद्दाम थांबतो, कारण आईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. वीज कुलूप लावते, लावून धरत नाही. लीव्हर ज्या बाजूला ढकलला तिथेच तो स्प्रिंगच्या जोराने बसून राहतो. बॅटरी पार मेली तरी कुलूप होतं त्याच स्थितीत राहतं, आणि आतली खुंटी किंवा हँडल तोच लीव्हर हाताने हलवू शकतो. पुढच्या दारांना बऱ्याच गाड्यांत आतला हँडल एकदा ओढला की लॉकही सुटतं आणि दारही उघडतं; काहींत आधी खुंटी वर करावी लागते. तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे ते इंजिन बंद ठेवून, आईंना शेजारी बसवून, एकदा त्यांच्याच हातांनी करून पाहा. मी कितीही लिहिलं तरी त्याने जेवढा धीर येईल तेवढा माझ्या उत्तराने येणार नाही.

आता एका दाराचं दुसऱ्याला कसं कळतं? बाहेरून बसवून घेतलेल्या किटमध्ये हे फार सोप्या रीतीने दिसतं. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची मोटर असते आणि बाकीच्या दारांत दोन वायरींची. जादा तीन वायरी मोटर फिरवण्यासाठी नसतात. मोटरच्या पोटात एक स्विच असतो. ड्रायव्हरने चावी फिरवली किंवा खुंटी दाबली की दांडी सरकते, स्विच पालटतो आणि डॅशबोर्डखालच्या डबीला निरोप जातो. डबी मग सगळ्यांना वीज सोडते. हाच स्विच झिजला की गाडी झपाटल्यासारखी वागते : उभ्या-उभ्या दारं लॉक-अनलॉक, लॉक-अनलॉक करत बसतात. मेकॅनिककडे जाताना नुसतं ‘सेंट्रल लॉक बिघडलंय’ म्हणू नका, नेमकं काय होतं ते सांगा. नाहीतर अख्खं किट बदलण्याचा खर्च गळ्यात पडतो. कंपनीतूनच सेंट्रल लॉक असलेल्या नव्या गाड्यांत डबीच्या जागी दिवे, वायपर, काचा असं सगळं सांभाळणारा एक छोटा संगणक असतो. तत्त्व तेच.

वीज हा एकच मार्ग होता असंही नाही. मर्सिडीजने कित्येक वर्षं हे काम हवेकडून करून घेतलं. दारांपर्यंत बारीक नळ्या नेलेल्या असत आणि नळीतली हवा ओढून घेतली की एक पडदा सरकून कुलूप हलवत असे. पुण्यात टेल्कोच्या आवारात १९९५मध्ये जोडली जाऊ लागलेली ई-क्लास याच कुळातली होती. तिचा आवाज ‘खट्’ नसून दमदार सुस्काऱ्यासारखा. दुरून कुलूप लावणारा रिमोट १९८२च्या सुमारास फ्रान्सच्या रेनॉ फ्युएगोने लोकप्रिय केला. तो टीव्हीच्या रिमोटसारखा अवरक्त किरणांवर चालायचा. आज आपल्याकडे तेच काम बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी करतात, म्हणून चावी गाडीकडे रोखावी लागत नाही.

आता खरा आरोपी. पुरात माणसं गाडीत अडकतात ती मुख्यतः पाण्याच्या दाबामुळे. दाराची रुंदी साधारण एक मीटर धरा. दाराच्या खालच्या कडेपासून बाहेर अर्धा मीटर पाणी चढलं आणि आत अजून शिरलं नसेल, तर दारावर सुमारे सव्वाशे किलो वजनाइतका रेटा बसतो. पाणी एक मीटरवर गेलं तर हा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो : पाचशे किलो! बिजागरीचा फायदा धरला तरी हे आतून ढकलणं पैलवानालाही जमणार नाही. कुलूप उघडं असलं तरी दार उघडत नाही, आणि माणसाला वाटतं लॉक जाम झालं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत काही जणांचे जीव बंद गाड्यांत गेले. तेव्हापासून गाडीत छोटी हातोडी ठेवा हा सल्ला दर पावसाळ्यात ऐकू येतो, आणि तो रास्त आहे.

पण हातोडीच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं. पाणी चढताना दिसलं की पहिल्याच क्षणी काच खाली करा. वीज गेली की काचेची मोटर कायमची थांबते, आणि काचेला हाताने फिरवायचा दांडा आता बहुतेक गाड्यांत नसतो. आईंनी भ्यायचंच असेल तर सेंट्रल लॉकला नव्हे, पॉवर विंडोला भ्यावं! काच फोडायची वेळ आलीच तर बाजूची फोडा, तीही कोपऱ्यात. पुढची काच दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. ती तडकते, पण फुटून मोकळी होत नाही.

मागच्या सीटबद्दल मात्र आईंचं बरोबर आहे. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असतं : दार उघडल्यावर त्याच्या कडेला दिसणारा छोटा खटका. बऱ्याच गाड्यांत त्याचा सेंट्रल लॉकशी आणि बॅटरीशी काहीही संबंध नसतो. तो लावलेला असेल तर लॉक उघडं असूनही मागचं दार आतून उघडत नाही. जुन्या मालकाने मुलांसाठी तो लावून ठेवला असणं अगदी शक्य आहे. आजच पाहा, आणि घरात लहान मूल नसेल तर काढून टाका. मूल असेल तर दारात उभी गाडी नेहमी लॉक ठेवा. उन्हाळ्यात खेळता खेळता गाडीत शिरलेली मुलं अडकून दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

अपघाताची काळजी असेल तर, एअरबॅग असलेल्या बहुतेक नव्या गाड्यांत जोराची धडक बसताच दारं आपोआप अनलॉक होतात, बाहेरच्यांना मदत करता यावी म्हणून. काही युरोपीय गाड्यांत मात्र ‘डेडलॉक’ असतं : बाहेरून विशिष्ट पद्धतीने लॉक केलं की आतला हँडलही निकामी होतो. तशा गाडीत कुणाला बसवून ठेवून बाहेरून लॉक करायचं नसतं. आणि काही विजेच्या गाड्यांत तर दार उघडण्याचं बटणच विजेवर चालतं. टेस्लाच्या सुरुवातीच्या मॉडेल ३मध्ये वीज गेल्यास हाताने उघडायची सोय फक्त पुढच्या दारांना होती. हे मला मुळीच पटलेलं नाही. दार उघडायला एक दांडी असावी, आणि ती आजीलाही दिसावी.

प्रश्न : नातवाने चावी खेळायला घेतली आणि बटणं दाबत बसला. त्यानंतर रिमोट पहिल्या दाबाला चालेना. सेल तर नवा आहे! — एक आजोबा, बार्शी

उत्तर : रिमोट दर वेळी नवा संकेत पाठवतो, तोच तो पाठवला असता तर चोराने तो टिपून पुन्हा वाजवला असता. चावी आणि गाडी दोघीही आकडा मोजत असतात. नातवाने घरात बसून दाबलेले आकडे गाडीपर्यंत पोचलेच नाहीत, त्यामुळे चावी पुढे गेली आणि गाडी मागे राहिली. गाडी थोडा फरक माफ करते. उदाहरणार्थ, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या आणि १९९५मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीकडे गेलेल्या ‘कीलॉक’ पद्धतीत साधारणपणे १६ आकड्यांपर्यंतचा फरक असेल तर दार लगेच उघडतं. त्याहून जास्त असेल तर गाडी लागोपाठचे दोन संकेत ऐकून खात्री करून घेते. म्हणजे गाडीजवळ उभं राहून दोनदा दाबा. तेवढ्याने झालं नाही तर गाडीच्या पुस्तिकेत चावी पुन्हा जुळवण्याची रीत दिलेली असते.

प्रश्न : पावसाळा आला की डावं मागचं दार एकटंच लॉक होत नाही. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : दोन जागा तपासून घ्या. दार आणि खांब यांच्यामध्ये रबरी नळी असते. तिच्यातून जाणाऱ्या वायरी दार उघडून-मिटून आतल्या आत तुटतात. एकच दार रुसलं की मेकॅनिकने आधी तिथेच पाहावं. दुसरी जागा दाराच्या तळाशी. काचेच्या फटीतून दारात पाणी शिरणारच, ते जायला खाली छिद्रं ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पाणी दारात साचतं आणि ओलाव्याने मोटर गंजते. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर बारीक काडीने छिद्रं मोकळी करा. मोटर बदलायची की नाही ते मग ठरवा.