काउंटरच्या पलीकडची नोकरी

मागे विहारात तपासणी शिबिर होतं. बीपी मोजून घेताना एक बाई म्हणाल्या, "ताई, पोरगी बारावी झाली. नर्सिंगला नंबर लागला नाही. हॉस्पिटलातच लागायचं म्हणते. मग काय, आयाचं काम?"

हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा विचारला जातो. आपल्या वस्तीतली माणसं दवाखान्यात खूप आहेत, पण कुठे? झाडूवर, स्ट्रेचरवर, फार तर वॉर्डात. काउंटरच्या पलीकडे खुर्चीवर आपलं माणूस क्वचित दिसतं. कामाला कमीपणा नाही. मीही बेडपॅन उचलले आहेत. पण पलीकडच्या खुर्च्यांची माहितीच घरात नसेल, तर पोरगी त्या मागणार कशा?

दवाखाना डॉक्टर-नर्सवर जेवढा चालतो तेवढाच कागदावर चालतो. नोंदणी, बिलिंग, रेकॉर्ड रूम, स्टोअर, विमा डेस्क, क्वालिटी विभाग. यातली विमा डेस्कची जागा मी मुद्दाम समजावून सांगते, कारण तिथे माणसं सतत लागतात. पेशंट कॅशलेसवर दाखल झाला की आजाराचे कागद, खर्चाचा अंदाज आणि ओळखपत्र विमा कंपनीला पाठवून मंजुरी आणायची असते. मे २०२४ च्या विमा नियामकाच्या आदेशानुसार कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. एक कागद चुकला की कंपनी शंका काढते आणि नातेवाईक संध्याकाळपर्यंत काउंटरवर ताटकळतात. म्हणून हे काम चोख करणारी मुलगी दवाखान्याला हवीच असते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्रही असंच काम करतो: रेशनकार्ड, आधार तपासायचं, नोंद करायची, मंजुरीसाठी कागद चढवायचे. पाच लाखांपर्यंतचे उपचार या योजनेत होतात. पण तिथला माणूस "नाही होणार" म्हणाला की आपली माणसं मुकाट परत फिरतात. मी नोकरीत असताना एका दवाखान्यात हे डोळ्यांनी पाहिलं आहे. घरचे दागिने मोडायला निघाले होते, आणि योजनेची पाटी त्यांच्या डोक्यावरच टांगलेली होती.

रेकॉर्ड रूमचं काम शांत असतं. केसपेपर पूर्ण आहे का पाहायचं, सही राहिली तर डॉक्टरांच्या मागे लागायचं, आजाराला ठरलेला सांकेतिक क्रमांक द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत साध्या उच्च रक्तदाबाचा क्रमांक 'आय १०' आहे. पेशंटने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात, ते काढून देणारं हेच टेबल. यातून पुढे कोडिंगच्या कामाकडे जाता येतं. ज्या नर्स भगिनींची पाठ आता रात्रपाळीला साथ देत नाही, त्यांनी क्वालिटी किंवा संसर्ग नियंत्रणाच्या जागा पाहाव्यात. तिथे वॉर्डातला अनुभव कामी येतो.

आता पगार. इथे मी गोड बोलणार नाही. आमच्या ओळखीच्या मुली खाजगीत बारा ते अठरा हजारांवर लागल्या. दोन-तीन वर्षं विमा डेस्क नीट सांभाळला की दुसरा दवाखाना जास्त देऊन बोलावतो. सरकारी लिपिक-टंकलेखकाची वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२००, त्यावर भत्ते वेगळे; पण त्याला परीक्षा आणि टायपिंग लागतं, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग. आरोग्य अभियानातल्या जागा कंत्राटी असतात, हे धरूनच चाला. खाजगीत लागताना नेमणूकपत्र मागा, पीएफ कापतात का विचारा. पगार २१,००० पर्यंत असेल आणि दवाखाना ईएसआयखाली येत असेल तर त्याचं कार्ड घ्या. घरच्यांचा दवाखाना त्यात होतो.

शिकायचं काय? एमएस-सीआयटी, एक्सेलवर हात, दोन्ही टायपिंग. औषधांची आणि तपासण्यांची नावं बरोबर लिहिता येणं. रडणाऱ्या, भांडणाऱ्या नातेवाइकाशी आवाज न चढवता बोलणं. हे शेवटचं कुठल्याच प्रमाणपत्रात नसतं, पण आपल्या मुलींना ते येतं, नळावरच्या भांडणात शिकलेलं असतं! इंग्रजीला मात्र घाबरायचं नाही. डिस्चार्ज पेपर रोज एक वाचला तरी सहा महिन्यांत डोळा बसतो.

आणि सावध राहा. आमच्या गल्लीतल्या एका आईने बचत गटातून कर्ज काढून मुलीला 'हॉस्पिटल मॅनेजमेंट डिप्लोमा'ला घातलं. शंभर टक्के नोकरी म्हणाले होते. नोकरी लागली ती अटेंडंटची, आणि प्रमाणपत्रावर कुठल्याही मंडळाचं नाव नव्हतं. कर्जाचे हप्ते आजही चालू आहेत. पैसे भरण्याआधी विचारा, प्रमाणपत्र कोण देणार? पदवी असेल तर यूजीसीमान्य विद्यापीठाची, डिप्लोमा असेल तर राज्याच्या कौशल्य मंडळाचा किंवा अशाच सरकारमान्य संस्थेचा. त्यांच्या नावाची खात्री स्वतः करा, संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

पदवीनंतर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हॉस्पिटल प्रशासनाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. कोणत्याही शाखेची पदवी चालते, प्रवेश परीक्षा असते. दवाखान्याच्या व्यवस्थापक पदापर्यंत जायचं तर ही वाट धरावी लागते. मुलगी हुशार असेल तर लग्नाची घाई करू नका.

खर्चासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना. पण आधी पोर्टलवर तुमचं कॉलेज आणि तोच कोर्स दिसतो का ते पाहा, मगच प्रवेश घ्या. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर केवढी रांग असते, तुम्हाला माहीतच आहे. दाखल्यावर आडनाव, वडिलांचं नाव आणि शाळेचा दाखला अक्षराला अक्षर जुळतो का, हे आज रात्रीच पेटी उघडून पाहून घ्या.