धरणफुटीचे संदेश आणि उडालेली झोप

प्रश्न : आमचे गाव भाटघर धरणाच्या खाली आहे. पावसाळ्यात मोबाईलवर ‘धरण फुटले’ असे संदेश येतात. पानशेतचा पूर पाहिलेली आई मग रात्रभर जागते आणि ‘मनात येते ते खरेच होते’ म्हणते. हे वेड तर नव्हे ना? – एक वाचक, ता. भोर

उत्तर : हे वेड नव्हे, तशीच ती संकटाची चाहूलही नव्हे. वेल्हे (आताच्या राजगड) तालुक्यातील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी खरोखरच फुटले होते, त्यामुळे तशा संदेशाने आपल्या आईंची छाती धडधडणे स्वाभाविक आहे. मात्र मन त्या धडधडीलाच पुरावा मानते, आणि यालाच भावनेवरून निष्कर्ष काढणे म्हणतात. त्यातच दरवाजे उघडून सोडलेले पाणी, म्हणजे विसर्ग, आणि धरणफुटी यांची संदेशांत सर्रास गल्लत होते. अशा संदेशावर बहुधा तारीख नसते, हे आईंना एकदा मोबाईल हातात घेऊन दाखवावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाकडे (१०७७) दिवसातून एकदाच चौकशी करावी, कारण वारंवार खात्री केल्याने भीती उलट बळावते. रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. तलाठी किंवा ग्रामपंचायतीने स्थलांतर करण्यास सांगितल्यास मात्र शंका न काढता निघावे. झोपेच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत. दोन आठवडे झोप न लागल्यास डॉक्टरांना दाखवावे किंवा टेली मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलावे.