घरमालक सरकार, गळती आपली

नायगावच्या बीडीडी चाळीत माझं अर्ध्याहून अधिक आयुष्य गेलं. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून अशा २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एकेका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. आमच्या मजल्यावरच्या दुरुस्त्यांच्या मागे बहुतेक वेळा मीच असायचे. सरकारी किंवा पालिकेच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

१. आधी गळतीची वेळ धरा.
‘छत गळतंय’ एवढंच लिहिलं तर पाहायला येणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नळाला पाणी आलं की ओल वाढते का? मग दोष पाण्याच्या लाइनीत. सकाळी आंघोळीच्या वेळी ठिबकतं? वरची मोरी किंवा तिचा नहाणी ट्रॅप तपासा. फक्त पावसाळ्यात होत असेल तर बाहेरची भिंत नाहीतर गच्ची. आमच्या कोपऱ्यात ठिबकायला लागलं तेव्हा वरच्या काकू म्हणाल्या, “आमची मोरी चांगली आहे गं, कधी तुंबलीसुद्धा नाही.” त्यांना विचारूनच मी बादलीभर पाण्यात नीळ कालवून त्यांच्या मोरीत ओतली. दुपारपर्यंत आमच्या छताला निळसर थेंब धरला. काकूंनी खाली येऊन तो स्वतः पाहिला आणि अर्जावर पहिली सही त्यांनीच केली.

२. अर्ज खोलीचा नको, मजल्याचा करा.
सांडपाण्याचा पाइप चारही मजल्यांतून उभा उतरतो. एका खोलीपुरता तुकडा बदलला की पाणी खालच्या जुन्या सांध्यातून वाट काढतं. म्हणून त्या रांगेतल्या सगळ्या खोल्यांचा एकच अर्ज द्यावा. खोली क्रमांक, कोणती भिंत, केव्हा ओल येते, सोबत फोटो. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढे माहितीच्या अधिकारात विचारायची वेळ आली, तर दहा रुपयांच्या अर्जात हाच क्रमांक लिहायचा असतो.
अर्ज करणाऱ्याचं आणि भाडेपावतीवरचं नाव एकच असलेलं बरं. पावती अजून वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल, तर खोली आपल्या नावावर करून घ्यायचं काम आधी हाती घ्या.

३. भाड्यातून खर्च कापण्याचा सल्ला ऐकू नका.
हा सल्ला चाळीत कुणी ना कुणी देतोच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये तशी सोय आहे खरी: घरमालकाने नोटीस देऊनही दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च वसूल करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागूच नाही. भाडं थकलं की आपलीच बाजू लंगडी होते. मला हा भेद अन्यायाचा वाटतो. छत कोसळलं तर सरकारी भाडेकरूचं डोकं काही वेगळं नसतं.

४. स्लॅबच्या कामाच्या वेळी घरी थांबा.
रजा काढावी लागली तरी चालेल. काँक्रीटमधली सळई गंजली की फुगते आणि खालचा थर ढकलून पाडते. वरून गिलावा मारून हे थांबत नाही. आमच्याकडे ठेकेदाराचा माणूस पोपडे खरवडून थेट सिमेंट थापायला निघाला होता. मी त्याला काठीने छत ठोकून दाखवलं. जिथे पोकळ आवाज येत होता तिथे खडूने गोल केले आणि म्हटलं, “दादा, एवढं सगळं निघालं पाहिजे.” त्याने फोडलं, तर आतली सळई पापुद्र्यांनी सुटत होती. मग तारेच्या ब्रशने गंज काढला, गंजरोधक लावलं, आणि त्यानंतर पॉलिमर मिसळलेला माल भरला. जी सळई झिजून बारीक झाली होती तिच्या जोडीला नवी बांधली. एवढं होईपर्यंत संध्याकाळ झाली. पाणी मारायला कुणी येत नाही, ते आम्हीच सकाळ-संध्याकाळ मारलं.

५. पावसाळ्याचं काम दिवाळीनंतरच मागा.
पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांत महिने जातात. मे महिन्यातल्या अर्जाला जूनमध्ये फार तर ताडपत्री मिळते.

६. नव्या घरात जाताना पाइप पाहून घ्या.
बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत. ती स्वतःच्या मालकीची असल्यामुळे आतल्या दुरुस्तीचा खर्चही आपल्यालाच करायचा आहे. चावी हातात आली की फर्निचरवाल्याला बोलावण्याआधी मोरी-संडासातल्या प्रत्येक पाइपचा आणि कॉकचा फोटो काढा, ट्रॅप कुठे आहे ते कागदावर मांडा. आणि ट्रॅपवर पक्की फरशी बसवू देऊ नका. कारागीर “दिसायला छान दिसेल ताई” म्हणाला तरीही.