तांब्याने राखलेला धागा

बपेरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील गाव. ते राज्याच्या अगदी सीमेवर वसलेले आहे. फार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात, तेथील एका पडक्या घराच्या जागेवर माझे विद्यार्थी झाडांसाठी खड्डे खणीत होते. हातभर खोलीवर एकाच्या कुदळीला काहीतरी लागले. माती झाडून पाहतो तो एकावर एक चिकटलेले पाच भोकाचे पैसे! इंग्रजी अमदानीच्या अखेरीस, १९४३ पासून, हे नाणे निघू लागले होते. आयाबाया ते दोऱ्यात ओवून लहानग्यांच्या गळ्यात बांधीत. ही नाणी मात्र कळंकाने हिरवीगार झाली होती. "चिंच लावून घासा, म्हणजे साल वाचता येईल," असे मीच मुलांना सांगितले. दोन नाणी लखलखीत झाली. तिसरे सुटे करणार, इतक्यात एक मुलगी ओरडली, "गुरुजी, थांबा! आत दोरा आहे."

खरेच होते. नाण्यांच्या मधोमध, हिरव्या किटात रुतलेला, बोटाच्या पेराएवढाही नसेल असा दोऱ्याचा तुकडा होता. बाहेरचा दोरा केव्हाच कुजून गेला होता. घासलेल्या दोन नाण्यांमधला चिंचेच्या पाण्याबरोबर वाहून गेला होता. "बाहेरचा कुजला, मग आतला कसा राहिला?" मुलांनी विचारले. त्या दिवशी आमचे खड्डे अर्धेच राहिले.

कापूस आणि जवस यांचे तंतू वनस्पतींपासून मिळतात, तर लोकर आणि रेशीम प्राण्यांपासून. ओलसर जमिनीतील सूक्ष्म जंतू व बुरशी यांचे ते सारे खाद्यच होय. म्हणून प्राचीन वस्तीचे उत्खनन करताना मडकी मिळतात, दगडी हत्यारे मिळतात, मणी मिळतात. पण ज्यांनी ती वापरली त्यांच्या अंगावरचे वस्त्र मिळत नाही. इजिप्तच्या वाळवंटातील कोरड्या थडग्यांत जवसाच्या तंतूंची वस्त्रे हजारो वर्षे टिकली. आपल्याकडील चार महिन्यांच्या पावसात ती आशा कोठून धरावी? मात्र तांबे जवळ असेल तर गोष्ट निराळी. ओल लागताच तांब्यावर कळंक चढतो आणि त्याचे क्षार शेजारच्या धाग्यात झिरपतात. ते जंतूंना विषासारखे असतात. म्हणून तांब्याला चिकटलेला तेवढाच धागा वाचतो. कधी कधी तंतू नाहीसा होतो, पण त्याच्या जागी क्षार भरून त्याचा हुबेहूब आकार, पिळासकट, शिल्लक राहतो.

मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटलेले कापडाचे तुकडे अशाच रीतीने धातूच्या आश्रयाने वाचले. मुंबईतील माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत टर्नर व गुलाटी या शास्त्रज्ञांनी ते तपासले आणि ते सुती असल्याचे १९२८ मध्ये जाहीर केले.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. प्रवरेच्या तीरावरील नेवासे तुम्हांला ज्ञानेश्वरीमुळे ठाऊक आहे. ते आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. हसमुख सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ पासून तेथे उत्खनन केले. तेथील एक वस्ती ताम्रपाषाण काळातील, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची होती. त्या लोकांत लहान मूल दगावले तर त्याला बहुधा दोन मडक्यांत ठेवीत आणि मडक्यांची तोंडे एकमेकांस जुळवून ती राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. लेकरू घराबाहेर जाऊ नये, असे त्या आईला वाटत असेल काय? तेथील अशाच एका बालकाच्या गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांत ओवलेला दोरा थोडा शिल्लक होता!

सुदैवाने तेथे मणी चकचकीत करण्याची घाई कोणी केली नाही. दोरा गुलाटींकडे गेला. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, तर रेशमाचा तंतू लांब व गुळगुळीत असतो. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे त्या दोऱ्यात कापूस होता आणि रेशीमही होते. पुणे जिल्ह्यातील चांडोली येथे मिळालेल्या तांब्याच्या मण्यांतला दोरा तर जवसाचा निघाला.

रेशीम म्हटले की आपल्याला चीन आठवतो. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले, की सिंधू संस्कृतीतील हडप्पा व चन्हुदडो येथील दागिन्यांत आणि मण्यांत चार हजार वर्षांपूर्वीचे रानरेशमाचे तंतू आहेत, आणि ते टसरच्या किड्याच्या कुळातील किड्यांचे आहेत. एवढ्यावरून नेवाशाच्या बाळाचा दोराही टसरचाच होता, असे म्हणता येणार नाही. तरीही टसर हे नाव ऐकून भंडाऱ्याच्या माणसाचे कान टवकारतातच. हा तर आपला कोसा! त्याचा किडा घरात तुतीवर पोसला जात नाही. तो उघड्या रानात ऐन (आपण त्याला येन म्हणतो) आणि अर्जुन या झाडांची पाने खातो आणि फांदीला देठाने टांगलेला टणक कोष करतो. आपल्याकडील ढिवर समाजातील कित्येक कुटुंबे पाखरांपासून व मुंग्यांपासून त्याची राखण करीत रानात दिवस काढीत आली आहेत. कोष उकळून धागा काढतात आणि मोहाडी-आंधळगावकडील कोष्टी तो मागावर चढवितात. त्या धाग्याचा रंग कसा असतो, हे ठाऊक आहे का? मधासारखा. जुन्या तांब्याची आठवण व्हावी, असाही.

त्या मुलीने थांबविल्यावर उरलेली तीन नाणी आम्ही तशीच कोरड्या कागदात गुंडाळून डबीत ठेवली. पुढे शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यांच्यातील दोऱ्यात पीळ पडलेल्या चपट्या फिती स्पष्ट दिसल्या. म्हणजे तो सुती होता. घासलेली दोन नाणीही त्याच डबीत आहेत. त्यांच्यावरील साल छान वाचता येते. त्यांच्यामधला दोरा कसा होता, कोणी तेथे गाठ मारली होती काय, हे मात्र आता कोणालाच सांगता येणार नाही.