गुऱ्हाळाचें धुराडें : उंची, रुंदी आणि ओढ यांचा हिशेब

गुऱ्हाळाचा हंगाम जवळ आला म्हणजे घाणा व काहील यांची डागडुजी आपले शेतकरी बंधु वेळेवर करितात. धुराड्याकडे मात्र लक्ष जातें तें जाळ चुलवणाच्या तोंडाशीं उलटूं लागल्यावर. हा दोष आमच्याही हातून घडला आहे, म्हणून हा लेख.

आमची नोकरी महसूल खात्यांत, दुसऱ्यांच्या जमिनींचीं मापें लिहिण्यांत गेली. निवृत्तीनंतर स्वतःच्या मळ्यांत चुलवण घातलें तेव्हां धुराड्याचें माप आम्हीं केवळ अंदाजावर सोडलें. तें ८ मीटर उंच आणि आंतून ३० सेंटिमीटर चौरस झालें. जाळ धरीना. रस फार वेळ आटत राही, तेवढ्या अवधींत साखरेची फोड होई आणि गूळ काळपट व चिकट उतरे. उंची अपुरी आहे असें समजून आम्हीं आणखी २ मीटर बांधकाम चढविलें. खर्चाच्या मानानें गुण थोडाच आला. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलों, तेव्हां चूक कळली. तोच हिशेब येथें देतों.

ओढ कशी उत्पन्न होते

धुराडें स्वतः कांहीं ओढीत नाहीं. आंतील धूर तापल्यामुळें हलका असतो; बाहेरील थंड हवा जड असते, ती चुलवणांत शिरून धुरास वर लोटते. ह्या दोन वजनांतील फरक हीच ओढ होय. एक घनमीटर हवेचें वजन किलोग्रॅममध्यें काढावयाचें असल्यास तिच्या सेंटिग्रेड अंशांत २७३ मिळवावे व त्या बेरजेनें ३५३ या आंकड्यास भागावें. हवा ३० अंशांवर असतां वजन १.१६५ येतें. धुराचें वजन हवेसारखेंच धरल्यास ३०० अंशांवर तें ०.६१६ येतें. फरक ०.५४९. यास ८ मीटर उंचीनें गुणिलें म्हणजे ४.४; म्हणजे पाण्याच्या ४.४ मिलिमीटर उंचीइतकी ओढ. हा हिशेब समुद्रसपाटीचा आहे. घाटमाथ्यावरील गांवांनीं पांच-सहा टक्के कमी धरावें.

धूर किती निघतो

वाळलेल्या एक किलो चिपाडांस पुरें जळण्यासाठीं सुमारें ५ किलो हवा लागते. उघड्या चुलवणांत हवा नेमकी मिसळत नाहीं, म्हणून ती दुप्पट, म्हणजे १० किलो धरावी. हवा व चिपाड मिळून ११ किलो धूर होतो. तासास १२० किलो चिपाडें जळत असतील तर १,३२० किलो धूर झाला. ३०० अंशांवर तो दर सेकंदास सुमारें ०.६ घनमीटर भरतो.

पोकळी किती ठेवावी

धुराचा वेग दर सेकंदास ३ मीटर ठेवावयाचा असें ठरविल्यास ०.६ भागिले ३, म्हणजे ०.२ चौरस मीटर पोकळी पाहिजे. अर्थात् आंतून ४५ सेंटिमीटर चौरस. इतक्या रुंद व ८ मीटर उंच धुराड्यांत विटांच्या घर्षणांत आणि धुरास वेग देण्यांत सुमारें अर्धा मिलिमीटर ओढ खर्च होते. उरलेली ३.९ मिलिमीटर ओढ जाळीतून हवा खेंचण्यास व काहिलीखालून जाळ नेण्यास मिळते.

आतां आमचें ३० सेंटिमीटरचें धुराडें घ्या. तेवढाच धूर त्यांतून नेण्यास वेग ६.६ मीटर लागतो. वेग दुपटीहून थोडा अधिक झाला, पण खर्च वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. त्यामुळें ४.४ पैकीं सुमारें ३.२ मिलिमीटर धुराड्यांतच संपून चुलवणास केवळ १.२ उरते. आम्हीं उंची १० मीटर केली तेव्हां ओढ ५.५ झाली, पण घर्षणही वाढलें आणि उरली ती सुमारें १.८. तात्पर्य, उंचीनें ओढ मिळते व रुंदीनें वाट मिळते. एकीची उणीव दुसरीनें स्वस्तांत भरून निघत नाहीं.

धूर अधिक तापविणें हा उपाय नव्हे

धूर ५०० अंशांवर सोडला तर ८ मीटरांत ओढ ४.४ ऐवजीं ५.७ होईल. परंतु ३०० अंशांवर चिपाडांच्या उष्णतेचा सुमारें पांचवा हिस्सा धुराबरोबर जातो; ५०० अंशांवर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जाईल. सव्वा मिलिमीटर ओढीसाठीं एवढें जळण घालविणें परवडणारें नव्हे. ओढ वाजवीपेक्षां अधिक झाल्यासही थंड हवा फुकट आंत येऊन काहील निवते. म्हणून धुराड्याच्या पायथ्याशीं पत्र्याची सरकती झडप अवश्य ठेवावी.

बांधतांना व तपासतांना

१. प्रथम दोन-तीन आधणांचीं चिपाडें वजन करून तासाचें जळण काढावें. त्यावरून पोकळी ठरवावी, नंतर उंची.

२. धुराड्याचें तोंड छपराच्या आढ्याहून व जवळच्या झाडांहून वर असावें. नाहींतर वाऱ्यानें धूर उलटतो.

३. धुराड्याच्या व धूरवाटेच्या भेगा लिंपाव्या. भेगेंतून शिरलेली थंड हवा धूर निववून ओढ मारते.

४. ओढ पाहण्यास इंग्रजी यू अक्षरासारखी वांकविलेली कांचेची नळी घेऊन तींत रंगीत पाणी घालावें. एक टोंक धुराड्याच्या पायथ्याच्या छिद्रास नळीनें जोडावें, दुसरें उघडें ठेवावें. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळींतील फरक हीच तेथील ओढ.

तिसऱ्या हंगामापूर्वीं आम्हीं तें धुराडें उतरविलें आणि ४५ सेंटिमीटर चौरस, ८ मीटर उंच असें नवें बांधिलें. जाळ काहिलीखालीं सरळ पसरला व गुळाची ढेप घट्ट बसूं लागली. दोन हंगामांचा गूळ आणि दोन वेळचें बांधकाम ही किंमत आम्हीं अर्ध्या तासाच्या गुणाकार-भागाकारासाठीं मोजली. ज्यांचें चुलवण अद्याप बांधावयाचें आहे, त्यांनीं तो अर्धा तास पायाची पहिली वीट ठेवण्यापूर्वींच द्यावा, एवढीच विनंति.