मनगटावरील प्रयोग

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत रचिली, ती वेबपानांसाठी. पुढे ब्रिटनमधील गॉर्डन विल्यम्स यांनी ती चिमुकल्या यंत्रांना शिकविली. २०१९ साली आलेल्या त्यांच्या ‘बँगल जेएस’ या घड्याळाला ती थेट कळते.

समजा, वृद्ध व्यक्ती पडताच इशारा देणारा नमुना करावयाचा आहे. घड्याळातील त्वरणमापक हात स्थिर असता १ दाखवितो, पडताना शून्याकडे झुकतो आणि आपटताच उसळतो. ‘आकडा उसळला की थरथर’ अशी ओळ लिहिली. परंतु साध्या टाळीनेही घड्याळ थरथरले! मग ‘आधी शून्याजवळ, नंतर उसळी’ अशी अट घातली. ब्लूटूथवरून ओळ धाडली की ती लगेच चालते. घड्याळ उघडावे लागत नाही.

टाळीचा प्रश्न सुटला. मात्र चक्कर येऊन भिंतीच्या आधाराने हळूहळू खाली घसरलेल्या आजीबाई या अटीतून अजून निसटतात.